कुत्र्यामांजरांची शिरगणती

देशातील माणसांची शिरगणती होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरोघरच्या कुत्र्यामांजरांचीही मोजदाद होऊ शकते, आणि तिच्यावरून त्या देशातील माणसांच्या जीवनाची कल्पना येते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जपानचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

जपानी लोकांचा कुत्र्यावर पूर्वीपासून लोभ आहे. टोकियो शहरातील शिबुया स्थानकासमोर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा उभा आहे. त्याचा धनी प्राध्यापक होता. १९२५ साली तो अकस्मात वारला. तथापि १९३५ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत हाचिको त्या स्थानकावर धन्याची वाट पाहत राहिला. मांजराचा मान निराळ्या कारणाने होता. रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी उंदरांचा उपद्रव टळावा म्हणून मांजरे बाळगीत.

जनावरांचे खाद्य तयार करणाऱ्यांची संघटना तेथे दरवर्षी पाहणी करते. २००८ साली जपानात सुमारे १ कोटी ३१ लाख पाळीव कुत्री होती. २०२३ साली ती सुमारे ६८ लाख उरली. म्हणजे पंधरा वर्षांत संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. मांजरांची संख्या मात्र तितकी घटली नाही. २०१७ साली मांजरांनी कुत्र्यांना मागे टाकले, आणि २०२३ साली ती सुमारे ९१ लाख होती.

असे का झाले? जपानी माणसाचे कुत्र्यावरील प्रेम आटले काय? नाही. बदलली ती माणसाची राहणी. शहरांतील घरे लहान झाली. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरावयास न्यावे लागते. मांजर घरातल्या घरात सुखाने राहते. दोघेही नोकरीस जात असतील, तर कुत्र्याकडे पाहणार कोण? शिवाय २०२३ साली त्या देशात दर शंभर माणसांत एकोणतीस माणसे पासष्ट वर्षे वा त्याहून अधिक वयाची होती. कुत्रे दहा-पंधरा वर्षे जगते. ‘माझ्यामागे याचे कसे होईल?’ हा विचार वृद्ध माणसाच्या मनात आला, म्हणजे नवे पिल्लू आणण्यास त्याचा हात धजत नाही.

याच वर्षी पंधरा वर्षांखालील मुलांची संख्या सुमारे १ कोटी ४३ लाख होती. कुत्री आणि मांजरे मिळून याहून अधिक भरली! ज्या घरांत मुलांचा कलकलाट नाही, अशा कित्येक घरांत आता मुके प्राणीच सोबतीला असतात.

परंतु प्राण्याला घरी आणणे सोपे, त्याला अखेरपर्यंत सांभाळणे कठीण. १९७४ साली जपानमधील सरकारी केंद्रांत नकोशी झालेली बारा लाखांहून अधिक कुत्री-मांजरे मारली गेली. पुढे लोकमत जागे झाले. धन्याने जनावर त्याच्या अखेरीपर्यंत सांभाळावे, असे कायद्याने सांगितले. २०२२ पासून विक्रीच्या कुत्र्यामांजरांच्या कातडीखाली ओळखीची बारीक चकती बसविणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले, म्हणजे हरवलेल्या प्राण्याचे घर शोधता येते. २०२२-२३ या वर्षी मारल्या गेलेल्या प्राण्यांची संख्या सुमारे बारा हजारांवर आली.

बारा लाखांवरून बारा हजार! या घटीमागे कायदा आहे, तसाच माणसांच्या मनातील बदलही आहे. पिल्लू गोजिरे असते तेव्हा ते सर्वांनाच आवडते. परंतु म्हातारपणी, आजारपणी त्याला जवळ ठेवतो, तोच त्याचा खरा धनी.

स्वाध्याय
१. जपानात कुत्र्यांची संख्या घटण्याची कारणे सांगा.
२. ‘मुके प्राणीच सोबतीला असतात’ असे लेखक का म्हणतो?
३. आपल्या गल्लीतील पाळीव कुत्र्यामांजरांची मोजणी करा आणि त्यांची काळजी कोण घेते, ते लिहा.