घराच्या कागदावर नसलेली बहीण

रत्नागिरीत जुनं घर बघायला गेलं की आधी चहा येतो आणि चहाबरोबर इतिहास. आमच्यापुढेही आला. झाडगावातल्या एका पाखाडीवरचं जांभ्याचं घर. पुढे खळं, मग ओटी, माजघर, मागे विहीर आणि तीन माड. मध्यस्थ ओटीच्या खांबावर थाप मारून म्हणाला, "ताई, थिबा राजवाड्याच्या बांधकामातनं उरलेला बर्मा साग आहे हा. घर 1890 सालचं." मी खांबावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात घर घेऊन टाकलं.

तेव्हाच साधी वजाबाकी करायला हवी होती. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत आला 1886 मध्ये, पण इंग्रजांनी त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 चा. त्याचं उरलेलं लाकूड वीस वर्षं आधीच्या घराला लागेल कसं? पण माझ्या आईचं माहेर रत्नागिरी. थिबाच्या गोष्टी तिच्याच तोंडून ऐकलेल्या, आणि निवृत्तीनंतर ठाणं सोडून इथे यायचं हे आम्हा दोघांचं कधीचं ठरलेलं. मला ती गोष्ट खरी हवी होती, म्हणून तारखा पडताळल्या नाहीत. कागदांच्या बाबतीतही पुढे तेच झालं.

विकणारे तीन भाऊ. मिळकत पत्रिकेवर तिघांची नावं, घरपट्टीच्या पावत्या व्यवस्थित, वीजबिल थकलेलं नाही. साठेखत झालं, अकरा लाख रुपये आम्ही दिले. खरेदीखताआधी वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. खरं तर ती पैसे देण्याआधी द्यायची असते. घाई माझी होती. नवव्या दिवशी बेळगावहून हरकत आली. या तिघांना एक बहीण होती. ती वारली होती, तिची दोन मुलं होती. 1974 मध्ये वडील गेले तेव्हा वारसनोंद फक्त मुलग्यांची लागली होती.

तिच्या मुलाशी मी फोनवर बोलले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, माझा जन्म त्याच घरातला. घर विकतायत हे आम्हाला पेपर वाचून कळलं." मला पुढे बोलवेना. माझे अकरा लाख अडकले होते हे खरं, पण त्याच्या आईचं नाव पन्नास वर्षं कागदावर आलंच नव्हतं.

भावांचं म्हणणं, तिला काही नको होतं, तिने तसं लिहूनही दिलंय. त्यांनी खरोखरच एक पिवळा पडलेला स्टॅम्पपेपर काढून दाखवला. तो नोंदवलेला नव्हता. स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं. साधा कागद किंवा तोंडी 'मला नको' यांनी हक्क जात नाही. मुलीला वाटा 2005 च्या दुरुस्तीनंतरच मिळू लागला, असं पुष्कळजण समजतात. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर त्यांच्या वाट्याच्या मिळकतीत मुलगी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच वारस आहे. 2005 मध्ये तिला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

मग एक सल्ला आला, आणि तो कोकणात घर घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो: "भावांचा हिस्सा घेऊन टाका, बहिणीचं मागाहून बघू." कृपा करून हे करू नका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. तो वाटपाचा दावा लावू शकतो. पण दावा लावला की 1893 च्या वाटप कायद्याखाली कुटुंबातला हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतो. म्हणजे पैसे देऊन वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या आणि घराबाहेरच राहायचं.

आम्ही व्यवहार मोडला. पैसे चार हप्त्यांत, जवळजवळ तीन वर्षांनी, बिनव्याजी परत आले.

त्या तीन वर्षांत भाड्याच्या खोलीत राहून हे शहर मी नव्याने पाहिलं. रत्नागिरी म्हटलं की टिळकांचं जन्मघर, सावरकरांची 1924 ते 1937 ची स्थानबद्धता, पतितपावन मंदिर, हे सगळे सांगतात. पण इथल्या घरांचा इतिहास मुख्यतः निघून गेलेल्या माणसांचा आहे. आगबोटीने मुंबईला गेलेले मुलगे, सासरी गेलेल्या मुली, आणि मागे राहून दरवर्षी कौलं परतणारा एक भाऊ. घरपट्टी तो भरतो, म्हणून नगर परिषदेच्या उताऱ्यावर नाव त्याचं. तो उतारा कर कोण भरतो एवढंच सांगतो, मालकी सिद्ध करत नाही.

म्हणून आता मला कोणी विचारलं तर मी आधी वंशावळ काढायला सांगते. नगर भूमापनाच्या चौकशी नोंदवहीत सर्वांत जुनं नाव कोणाचं आहे ते बघा आणि तिथून खाली एकेक माणूस मोजत या: मुली, विधवा सुना, मृत बहिणींची मुलं, मुंबईत गेल्यावर पत्र न आलेला काका. प्रत्येक फेरफार काढून वाचा. कोणाचं नाव कशाच्या आधारे कमी झालं ते त्यातच दिसतं. तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, पण तो नोंदवलेल्या दस्तांपुरता असतो. न नोंदवलेली बहीण त्यात सापडत नाही. ती शेजारच्या म्हातारीला विचारल्यावर सापडते. कुलमुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल तर ज्याने ते दिलं तो जिवंत आहे का, हे स्वतः त्याच्याशी बोलून ठरवा.

मोजणी मागवा. गडगा एकीकडे आणि नकाशातली हद्द दुसरीकडे, हे इथे नेहमीचं. मागे जमीन असेल आणि सातबारावर शेती असेल, तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. समुद्राला किंवा खाडीला लागून असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा बघितल्याशिवाय मजला चढवायची स्वप्नं नकोत. आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका, जांभ्यातली ओल आतच कोंडते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.

दुसरं घर आम्ही राजिवड्याच्या बाजूला घेतलं, लहान, गोष्ट नसलेलं. सात सह्या होत्या. सर्वांत थोरल्या आत्या ब्याऐंशी वर्षांच्या, कोल्हापूरहून भाच्याने गाडीतून आणल्या. नोंदणी कार्यालयात अंगठा यंत्रावर उमटेना, चार वेळा पुसून ठेवला. काम झाल्यावर त्यांनी घर बघायचंय म्हटलं. माजघरात थांबल्या नाहीत, सरळ मागे विहिरीपाशी गेल्या, काठीने पायऱ्या मोजल्या आणि मला जवळ बोलावलं.

"बाय, ही खालनं तिसरी पायरी हलते. माझ्या लहानपणापासनं हलते. पावसात जपून."