गोधडीवरील ॲप्लिक काम : अनेक तुकड्यांचा आकार कसा तयार करावा?

भातकापणी व झोडणी आटोपली की ग्रामीण भागातील महिलांना गोधडी शिवण्यासाठी सवड मिळते. ठाणे खाडीकाठच्या कोलशेत, बाळकुम, ढोकाळी या गावांतील बरीचशी भातखाचरे आता इमारतींखाली गेली आहेत. मात्र याच इमारतींतून हाताने शिवलेल्या गोधडीला गिऱ्हाईक मिळू शकते. साध्या गोधडीवर कापडी आकार चढवले, म्हणजेच ॲप्लिक काम केले, तर तिची शोभा वाढते. ओडिशातील पिपिली गावचे ॲप्लिकचे चांदवे प्रसिद्ध आहेत, तर सौराष्ट्रात याच कामाला 'कटाब' म्हणतात.

गोधडी वर्षानुवर्षे वापरली व धुतली जाते. तुकड्यांची तयारी कच्ची असेल तर पहिल्या काही धुण्यांतच कडा उसवतात. शिवाय आजीचे जुने लुगडे एकदाच कापता येते. चुकल्यास तसे कापड पुन्हा मिळत नाही. म्हणून शिवण्यापेक्षा तयारीला अधिक वेळ द्यावा. येथे शिडाच्या होडीचे उदाहरण घेतले आहे.

कापडाची निवड : शक्यतो सुती कापड घ्यावे. नवीन कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करावे, म्हणजे ते नंतर आटत नाही. गडद रंगाच्या कापडावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडक्याला रंग लागल्यास ते कापड वापरू नये. जुन्या साडीचा विरलेला भाग उजेडासमोर धरून ओळखावा व वगळावा.

आखणी व क्रमांक : होडीचे पूर्ण मापाचे चित्र कागदावर काढावे. सर्वांत खाली येणाऱ्या तुकड्यापासून क्रमांक द्यावेत.

१) शीड
२) डोलकाठी
३) होडीचे अंग
४) काठाची पट्टी

जी कड दुसऱ्या तुकड्याखाली जाणार आहे, ती चित्रात तुटक रेषेने दाखवावी. या कामातील मुख्य नियम असा की, दिसणारी कड दुमडावी. दुसऱ्या तुकड्याखाली जाणारी कड दुमडू नये, सपाट ठेवावी. सर्वच कडा दुमडल्यास सांध्यावर कापडाचे थर वाढतात, तेथे सुई अडते व गाठोळे येते.

आपल्या होडीत शिडाची एक कड डोलकाठीखाली, डोलकाठीचे खालचे टोक होडीखाली आणि होडीची वरची कड पट्टीखाली जाते. या तीन कडा सपाट ठेवाव्यात.

साचे व कापणी : वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर प्रत्येक तुकड्याचा साचा माया न धरता कापावा व त्यावर क्रमांक घालावा. कापडाच्या उलट बाजूवर साचा पालथा ठेवून आखावे. साचा उताणा ठेवल्यास शिडाचे तोंड विरुद्ध दिशेला होते. आखलेल्या रेषेबाहेर सर्व बाजूंनी ६ मि.मी. माया सोडून कापावे. डोलकाठीची तयार रुंदी १.५ सें.मी. हवी असल्यास पट्टी २.७ सें.मी. रुंद कापावी. होडीचा वरचा काठ वाकडा असल्याने त्यावरील पट्टी उरेब कापावी. सरळ पट्टीला वळणावर चुण्या पडतात.

कडा दुमडणे : भाताची पातळ पेज गाळून घ्यावी. दुमडायच्या मायेला ती कापसाने लावावी. माया पुठ्ठ्यावर वळवून इस्त्री करावी व वाळल्यावर पुठ्ठा काढावा. शिडाच्या टोकाशी आधी टोक आत दुमडावे, नंतर दोन्ही बाजू दुमडाव्यात. आत वळणाऱ्या कडेच्या मायेला बारीक काप द्यावेत, मात्र ते रेषेच्या २ मि.मी. अलीकडे थांबवावेत.

जोडणी : तुकडे चित्रावर क्रमाने मांडावेत. प्रत्येक सांध्याशी वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आखलेल्या रेषेला भिडला पाहिजे. कच्चे टाके घालून मग तुकडे एकमेकांना हेम टाक्याने जोडावेत. फिक्या कापडाखालून गडद कापड दिसत असेल तर फिक्या तुकड्याला पांढरे अस्तर द्यावे. अशा रीतीने पूर्ण होडी एकसंध तयार झाली की ती गोधडीच्या वरच्या कापडावर हवी तेथे सरकवून पाहता येते. जागा ठरल्यावर कडेने ३ मि.मी. अंतरावर हेम टाके घालावेत व कच्चे टाके काढून टाकावेत.

यानंतर वरचे कापड धुऊन पेज पूर्णपणे काढावी. खळ राहिल्यास झुरळे व कसर लागते. कापड वाळल्यावरच खाली जुन्या साड्यांचे थर घालून धावदोरा घालावा. थर घातल्यानंतर आकार चढवू नयेत.

विक्रीसाठी गोधड्या करताना प्रथम एकच होडी तयार करून चार-पाच वेळा धुऊन पाहावी. कडा टिकल्या, रंग उतरला नाही, तरच त्या साच्यावर पुढील काम हाती घ्यावे. क्रमांक घातलेले साचे पाकिटात जपून ठेवल्यास बचत गटातील सर्व महिलांना एकाच मापाचे काम करता येईल.