शासकीय दप्तरातील शब्दांची कुळकथा

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीत दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे गावाचे दप्तर आणि दुसरी आरोग्यसेविकेजवळची बालकांच्या लसीकरणाची नोंदवही. या नोंदवहीत घटसर्प या रोगाच्या लसीची नोंद असते. घटसर्पास इंग्रजीत डिप्थीरिया म्हणतात. दप्तर आणि डिप्थीरिया हे दोन शब्द एकाच कुळातील आहेत, असे सांगितल्यास शिक्षकांनाही नवल वाटेल. प्राचीन ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. कातड्यावर लेखन होत असे, म्हणून तोच शब्द फारसीत 'दफ्तर' झाला आणि राज्यकारभाराबरोबर मराठीत आला. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रतोनो या फ्रेंच वैद्याने, रोग्याच्या घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो हे पाहून, त्याच ग्रीक शब्दावरून रोगाचे नाव बेतले. गावाच्या दप्तराचे आणि शाळकरी मुलाच्या दप्तराचे मूळ असे एका दुर्धर रोगाच्या नावाशी जाऊन भिडते.

शब्दांच्या अशा सोयरिकी मनोरंजक असतात यात शंका नाही. परंतु शासकीय व्यवहारात शब्दांचा विचार मनोरंजनापुरता करून भागत नाही. अर्जातील, पंचनाम्यातील किंवा शासन निर्णयातील शब्दाला ठरलेली व्याख्या असते. त्या व्याख्येत जो बसतो त्यास साहाय्य मिळते. जो बसत नाही त्याची हानी तितकीच मोठी असली तरी तो बाहेर राहतो.

तीन राजवटींचे शब्द

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. लोकांची भाषा मराठी, तर कारभाराची उर्दू. गावी पटवारी, त्याच्यावर गिरदावर आणि तालुक्यास तहसीलदार, अशी महसुलाची उतरंड होती. महसूल आणि अर्ज हे शब्द अरबी. पंचनामा हा अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. ठेकेदारास मराठवाड्यात आजही गुत्तेदार म्हणतात.

याच संस्थानात परिभाषेचा एक मोठा प्रयोग झाला. उस्मानिया विद्यापीठात सर्व उच्च शिक्षण उर्दूतून द्यावयाचे ठरले आणि त्यासाठी १९१७ मध्ये हैदराबादेत 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतर कार्यालय स्थापन झाले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्याचे प्रमुख होते. वैद्यक, अभियांत्रिकी, रसायन, विधी अशा विषयांसाठी तेथे हजारो संज्ञा घडविण्यात आल्या. बहुतेक संज्ञांची घडण अरबी-फारसी धातूंवरून झाली. थर्मामीटरला 'मिक्यासुल हरारत' असे भारदस्त नाव होते. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि या संज्ञांचा आधारच गेला. परभणीच्या खेड्यात 'मिक्यासुल हरारत' कोणी म्हणत नाही. 'दवाखाना' मात्र सर्व जण म्हणतात. पहिला शब्द विद्यापीठाच्या आश्रयावर जगला, दुसरा लोकांच्या जिभेवर.

जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पटवारी गेला, तलाठी आला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये पदनाम कोश, १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आणि १९७३ मध्ये शासन व्यवहार कोश असा हा क्रम आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला होता. त्या परंपरेचे स्मरण या कामी वारंवार केले गेले. नव्या मराठी संज्ञा संस्कृतप्रचुर आहेत, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. तथापि अधीक्षक, संचालक, अभियंता हे शब्द आज कोणालाही खटकत नाहीत. रुळण्यास शब्दाला एक पिढी लागते.

रोग आणि त्यांची नावे

जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाचे पदनाम 'जिल्हा शल्यचिकित्सक' असे आहे. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाणाचा फाळ किंवा काटा. तो काढण्याची विद्या ती शल्यविद्या. रणांगणावर जन्मलेला हा शब्द सुश्रुताच्या काळापासून टिकून आहे.

काही नावांत जुन्या चुका गोठून राहतात. मलेरिया हा शब्द इटालियन भाषेतील 'वाईट हवा' या अर्थाच्या शब्दांवरून आला, कारण दलदलीच्या हवेने हा ताप येतो अशी समजूत होती. ऑगस्ट १८९७ मध्ये हैदराबाद संस्थानातीलच सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात या तापाचे परोपजीवी आढळले. हवा निर्दोष ठरली, नाव मात्र तेच राहिले. मराठीतील 'हिवताप' हा शब्द या दृष्टीने अधिक शहाणा म्हणावा लागेल. तो कारण सांगण्याच्या भरीस न पडता केवळ लक्षण सांगतो.

'लस' म्हणजे मुळात शरीरातून पाझरणारा चिकट द्रव. देवीच्या प्रतिबंधासाठी गोस्तन देवीच्या फोडांतील द्रव टोचीत, म्हणून त्या द्रवाचे नाव औषधाला मिळाले. इंग्रजी 'व्हॅक्सिन' हा शब्द तर लॅटिन 'व्हाक्का', म्हणजे गाय, यावरूनच आला. भारतात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेस टोचली गेली. रोगाचे 'देवी' हे नाव मात्र टोचणाऱ्यांच्या वाटेतील अडथळा ठरे. देवी आली असताना औषध करावे कसे, असा भाविकांचा प्रश्न असे. १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा देशी रोगी आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

शब्दांची ही ये-जा एकतर्फी नव्हती. पटकीसारख्या विकाराला कोकण-गोव्यात 'मोडशी' म्हणत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हे नाव नोंदविले आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे रूप बदलले आणि फ्रेंचांनी तर त्याचे 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असे करून टाकले. न कळलेल्या शब्दाला ओळखीचे रूप देण्याची खोड सर्वच भाषांना असते.

सर्वांत अधिक हानी ज्या शब्दाने केली तो 'महारोग' होय. जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांत 'कुष्ठ' या संज्ञेत त्वचेचे अनेक विकार येत आणि त्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. पुढे हा शब्द एकाच रोगाला चिकटला आणि त्याला 'महारोग' या नावाची जोड मिळाली. या नावात असाध्यता आणि पाप या दोन्ही कल्पना दडलेल्या होत्या. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये रोगजंतू शोधला. १९८२ पासून बहुविध औषधोपचार उपलब्ध झाला. तरी अंगावरचा बधिर चट्टा लपवून ठेवण्याची वृत्ती गेली नाही. चट्टा दाखविला तर माणूस रोगी ठरण्याआधी 'महारोगी' ठरत असे. शासकीय व्यवहारात 'कुष्ठरुग्ण' आणि उपचारानंतर 'कुष्ठरोगमुक्त' असे शब्द आले, ते याच कारणाने. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. पूर्वीच्या अधिनियमात प्रकार सात होते. 'स्वमग्नता' आणि 'अध्ययन अक्षमता' या संज्ञा शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ज्या मुलाला वर्गात मठ्ठ म्हटले जाते त्याचा हक्क कदाचित या दोन शब्दांत असतो.

पाणी व माती यांच्या कामांनी मराठीला फार चांगले शब्द दिले. 'पाझर तलाव' आणि 'पाणलोट' हे शब्द ऐकताच कामाचे स्वरूप डोळ्यांपुढे उभे राहते. कोशाची गरज पडत नाही.

दुष्काळ की टंचाई

मदतकार्याच्या परिभाषेत मात्र अर्थ इतके सोपे नाहीत. अडचणीतील शेतकऱ्यास सरकार देत असलेल्या कर्जाला 'तगाई' म्हणत. हा अरबी 'तकावी'चा अपभ्रंश असून त्याचा अर्थ बळ देणे असा आहे. मराठीतील 'कुवत' हा त्याचा सख्खा भाऊ. पीक किती आले हे सांगण्याची रीत 'आणेवारी'ची. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि कालांतराने आणेवारीची 'पैसेवारी' झाली. पन्नास पैशांहून कमी पैसेवारीचे गाव म्हणजे सवलतींस पात्र गाव, हे समीकरण मराठवाड्यात लहान मुलांनाही पाठ असे.

या पैसेवारीवरून जे जाहीर व्हावयाचे त्याचे नाव काय, हा खरा प्रश्न होता. इंग्रजीत दोन शब्द आहेत. 'फॅमिन' हा भूक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. 'ड्रॉट' म्हणजे कोरडेपणा. मराठी 'दुष्काळ' या दोहोंसाठी वापरला जातो, कारण त्याचा मूळ अर्थ नुसता 'वाईट काळ' असा आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्राने अधिनियम करून राज्यातील कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळला. शासन पीकपाण्यावर सतत लक्ष ठेवते व टंचाईची चिन्हे दिसताच मदत देते, त्यामुळे उपासमारीची परिस्थिती उद्भवण्यास वाव राहिलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. पुस्तकांत 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द आला. इंग्रजीत गेला तो भुकेचा शब्द. मराठीत मात्र त्याच्याबरोबर कोरड्या वर्षाचे नावही गेले.

नऊच वर्षांनी १९७२ आले. कागदोपत्री टंचाई होती. परभणीच्या लोकांनी तिला बहात्तरचा दुष्काळ म्हटले आणि आजही तसेच म्हणतात. परदेशातून आलेली 'मिलो' ज्वारी आणि कामावर मिळणारी 'सुकडी' हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले. त्या काळातच रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिचा अधिनियम १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या नावातील वजनदार शब्द 'हमी' हा आहे. पूर्वीची दुष्काळी कामे शासनाने परिस्थिती जाहीर केल्यावर सुरू होत. हमीच्या कायद्याने जाहीर करण्यावाचूनही काम मागण्याचा हक्क मजुराला मिळाला.

नावाचा वाद पुढेही मिटला नाही. अनेक वर्षे शासन निर्णयांत 'दुष्काळसदृश' किंवा 'टंचाईसदृश' असे शब्द येत राहिले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने 'सदृश' हा प्रत्यय म्हणजे हातातोंडाशी आलेला घास अडविणारा दात होता. मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला आणि मे २०१६ मध्ये शासनाने 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, अशी दुरुस्ती मान्य केली. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली. तिच्यात पैसेवारीऐवजी पावसाची तूट, पावसातील खंड, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई हे निकष मुख्य झाले. त्यानुसार ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत 'गंभीर' किंवा 'मध्यम' दुष्काळ जाहीर झाला; परभणी जिल्ह्यातील काही तालुके त्यात होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये परिस्थिती उलटी झाली. मराठवाड्यात अतोनात पाऊस पडला, परभणी जिल्ह्यात पिके पाण्याखाली गेली आणि 'ओला दुष्काळ' जाहीर करावा, अशी मागणी झाली. संहितेत अशी संज्ञा नाही, असे शासनाचे उत्तर होते आणि ते संहितेपुरते बरोबर होते. संहितेतील दुष्काळ म्हणजे 'ड्रॉट', आणि कोरडेपणा ओला असू शकत नाही. परंतु शेतकऱ्याचा 'दुष्काळ' हा वाईट काळच आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत पिकांच्या संकटांना 'ईति' म्हणत आणि त्यांत अतिवृष्टी व अनावृष्टी शेजारी शेजारी गणल्या जात. तेव्हा मराठी भाषेच्या अंगाने पाहता ओला दुष्काळ या शब्दात विसंगती नाही. शेवटी संज्ञा न स्वीकारता, दुष्काळात देण्यात येणाऱ्या सवलती लागू करण्याचा मार्ग शासनाने पत्करला.

पंचनाम्याच्या वेळी या भेदांना प्रत्यक्ष महत्त्व येते. 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. 'सततचा पाऊस' हे दोन साधे शब्दसुद्धा २०२३ पासून राज्याच्या आपत्तींच्या यादीत व्याख्येसह आले आहेत. एखाद्या गावाच्या मंडळात तितका पाऊस झाला नसेल, पण वरच्या अंगाच्या पावसाने पूर्णा, दुधना किंवा गोदावरीचे पाणी शेतांत शिरले असेल, तर ते गाव अतिवृष्टीत बसत नाही. ते पुरात बसते. पर्जन्यमापकाचा आकडा कमी आहे म्हणून अशा गावाचे नाव यादीतून सुटू नये, यासाठी पंचनाम्यात नुकसानीचे कारण लिहिताना सरपंच, ग्राम महसूल अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांनी 'पूर' हा शब्द आणि पाणी शिरल्याची तारीख स्पष्ट नोंदवावी लागते.