टाकी कां वाहते?

वाशीम जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पाण्याचें मोल काय असतें, हें मातापित्यांस सांगणें नको. म्हणून गेल्या फाल्गुनांत आमच्या वसतिगृहाची टाकी रात्रभर वाहिली, तेव्हां आम्हांस फार वाईट वाटलें. मिनिटास एक लिटर गेलें, तरी दिवसास १४४० लिटर होतें.

बॉल-कॉकची रचना साधी आहे. पाण्याबरोबर पोकळ गोळा वर चढतो, दांडा उचलतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची रबरी चकती नळाचें तोंड दाबून धरते. खडकवासल्यास विश्वेश्वरय्यांनीं १९०३ सालीं बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांचें मर्मही हेंच, कीं पाण्यानेंच पाण्यावर पहारा करावा. मात्र तेथें पाणी चढलें कीं दार उघडावयाचें, येथें मिटतें.

मुलें म्हणालीं, "सर, नवाच आणूं." आम्हीं म्हटलें, आधीं परीक्षा. गोळा हातानें वर उचलून धरावा. धार थांबली, तर चकती निर्दोष. दोष गोळ्यांत किंवा दांड्यांत. न थांबली, तर येणारें पाणी बंद करून चकती काढावी; बहुधा तीखालीं खडा अडकलेला असतो, अथवा रबर झिजलेलें असतें.

आमची धार थांबली. गोळा कानाशीं हालविला, तों आंत पाणी खळखळलें! बारीक चिरेंतून तें शिरलें होतें. बुडता गोळा दांडा कसा उचलणार? आर्किमिडीजचा सिद्धान्त घडाघडा म्हणणाऱ्या इयत्तेस हें सुचलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर प्रथम आम्हांसही नाहीं. बाजारांतून केवळ गोळा आणिला. त्या रात्रीं पाणी कांठाखालीं चार बोटांवर थांबलें.