छायाचित्रावरून दुर्बिणीचा रोख ठरविणे

आकाशाचे छायाचित्रण नव्याने आरंभिणाऱ्याच्या वाट्यास पहिली निराशा येते ती बहुधा अशी. शृंगाश्व तारकासमूहातील गुलाब तेजोमेघाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. हा तेजोमेघ चंद्रबिंबाच्या दुपटीहून अधिक रुंद असला, तरी त्याचा प्रकाश इतका विरळ आहे की लहान दुर्बिणीतूनही तो डोळ्यांस सहसा जाणवत नाही. यंत्रास आज्ञा दिली, मोटारी फिरल्या आणि थांबल्या. परंतु दोन तासांनी चित्रे पाहावीत तर तेजोमेघाचा तुटका भाग तेवढा कोपऱ्यात आलेला. पावसाळा व चांदण्या रात्री वजा जाता निरभ्र, अंधाऱ्या रात्री मुळात थोड्या. त्यांतील एक अशी वाया जाते.

येथे मोटारींस दोष देता येत नाही. दुर्बिणीची यांत्रिक बैठक आकाश पाहत नसते. आरंभीच्या स्थितीपासून आपण किती वळलो एवढेच ती मोजते. आरंभीची स्थितीच एकदोन अंशांनी चुकीची धरली गेली असेल, तर पुढचा प्रत्येक रोख चुकतो. बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाशी नेमका जुळलेला नसणे, तिवईचा पाय ओल्या मातीत रुतणे, नळीस किंचित बाक येणे, ही कारणे त्यात भर घालतात. यंत्र मात्र आपण योग्य ठिकाणी आहो असेच निःशंकपणे सांगत राहते. यास्तव दुर्बिणीचा रोख कोठे आहे हे तिच्या बैठकीस न विचारता तिने घेतलेल्या चित्रासच विचारावे, हा या पद्धतीचा गाभा होय.

हिला प्लेट सॉल्व्हिंग, म्हणजे काचेची उकल, असे नाव आहे आणि ते काचेवर छायाचित्रे घेतली जात त्या काळचे आहे. १८८७ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत ज्योतिर्विदांनी संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेण्याचे ठरविले व निरनिराळ्या वेधशाळांना आकाशाचे पट्टे वाटून दिले. त्यांपैकी दक्षिण क्रांती १७ ते २३ अंश हा पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. काचेवरील प्रत्येक ताऱ्याचे स्थान सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, स्थाने आधीच ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ते ताडून काचेचा मध्य, प्रमाण व वळण काढावयाचे आणि त्यांवरून उरलेल्या ताऱ्यांची स्थाने निश्चित करावयाची, असे ते चिकाटीचे काम होते. काचा गेल्या, नाव राहिले.

त्या काळी मोजणाऱ्यास काच आकाशाच्या कोणत्या भागाची आहे हे निदान ठाऊक असे. आज संगणकास तेही सांगावे लागत नाही. डस्टिन लँग व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील युक्ती मोठी सुबोध आहे. चित्रातील चार तारे घ्यावयाचे. त्यांतील परस्परांपासून सर्वांत दूरचे दोन हे एका चौरसाचे समोरासमोरचे कोपरे मानावयाचे आणि उरलेल्या दोहोंची स्थाने त्या चौरसाच्या मापाने मोजावयाची. प्रत्येकाचे दोन, असे चार आकडे मिळतात. चित्र फिरविले अथवा लहानमोठे केले, तरी हे आकडे बदलत नाहीत. तारासूचीवरून अशा असंख्य चौकड्यांचे आकडे आधीच काढून ठेवलेले असतात. त्यांत जुळणारी चौकडी शोधली जाते. एखादी चौकडी योगायोगानेही जुळेल. म्हणून ती जुळणी खरी असल्यास आणखी कोणते तारे कोठे दिसावयास हवेत हे तपासूनच उत्तर स्वीकारले जाते.

आता आपल्या तेजोमेघाकडे वळू. त्याचे स्थान सुमारे विषुवांश ६ तास ३२ मिनिटे, उत्तर क्रांती ५ अंश. दुर्बिणीचे नाभीय अंतर ४०० मिलिमीटर व कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रोमीटर असल्यास, २०६.२६५ ला ३.७६ ने गुणून ४०० ने भागावे. एका पिक्सेलमध्ये १.९४ विकला आकाश येते. ६२४८ गुणिले ४१७६ पिक्सेलांच्या चित्रात सुमारे ३.४ अंश रुंद व २.३ अंश उंच क्षेत्र मावते. पाचदहा सेकंदांचे एक चित्र घेऊन त्याची उकल करावी. समजा, मध्य ६ तास ३८ मिनिटे व ६ अंश असा आला. विषुवांशाचे एक मिनिट म्हणजे विषुववृत्तापाशी पाव अंश. म्हणून चूक एका दिशेस दीड अंश आणि दुसरीस एक अंश. तेजोमेघ कोपऱ्यात का गेला हे आता कळते. खरे स्थान बैठकीस कळवून तिला पुन्हा वळवावे, दुसरे चित्र घ्यावे, पुन्हा उकलावे. दोनतीन फेऱ्यांत चूक सहसा एकदोन कलांवर येते. मोटार नसली तरी बिघडत नाही; तेच आकडे पाहून नळी हातानेही सरकविता येते.

उकल न झाल्यास प्रथम प्रतिमेची सुस्पष्टता पाहावी. पसरट ठिपके संगणकास तारे वाटत नाहीत. त्यानंतर नाभीय अंतर तपासावे. ०.८ पटीचे लघुकारक भिंग बसविल्यास ४०० चे ३२० होतात, आणि हा आकडा बदलावयाचे विसरणे ही फार सामान्य चूक आहे.

याहून फसवी चूक निराळीच आहे. तारासूचीतील स्थाने बहुधा २००० सालच्या विषुवबिंदूस धरून दिलेली असतात, तर कित्येक बैठकी चालू दिनांकाची स्थाने वापरतात. विषुवबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला सरकत असल्याने पाव शतकात हा फरक २१ कलांपर्यंत जातो. उकल बरोबर, आज्ञा बरोबर, तरी लक्ष्य दर वेळी सारख्याच अंतराने बाजूस, असे आढळल्यास हेच कारण समजावे व दोन्हीकडे एकच वर्ष निवडावे.

जेथे आकाश काळोखे असते तेथे दूरध्वनीचे जाळे बहुधा पोहोचलेले नसते. म्हणून अ‍ॅस्टॅपसारखा आपल्याच संगणकावर चालणारा कार्यक्रम आणि त्यास लागणारी तारासूची घरूनच घेऊन जावी आणि अंगणातून टिपलेल्या एखाद्या चित्रावर तो आधी चालवून पाहावा.

उकलीत मध्याबरोबर चित्राचे वळणही अंशांत मिळते. पहिल्या रात्री ते वहीत टिपून ठेवावे. दुसऱ्या रात्री कॅमेरा पुन्हा बसविताना तो त्याच अंशापर्यंत फिरविला, तर दोन्ही रात्रींची चित्रे एकमेकांवर नीट बसतात आणि कडा कापून टाकाव्या लागत नाहीत.