विद्यापीठ विभागातील अध्यापन-तंत्रज्ञान : अवलंब आणि नेतृत्व

उच्च शिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर करण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग १९८४ मध्ये दूरदर्शनवरून सुरू झाला. केवळ शिक्षणासाठी बनविलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात सोडण्यात आला. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेण्यात आले आणि ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या मंचाचे उद्घाटन झाले. साधने अशा रीतीने विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचली. तेथून पुढचा मार्ग मात्र विभागातून जातो. कारण वेळापत्रक, अध्यापनाची वाटणी आणि अंतर्गत मूल्यमापन यांची आखणी प्रामुख्याने विभागातच होते.

अवलंबाची कारणमीमांसा

नवे तंत्र सर्वत्र एकाच वेगाने का पसरत नाही, याचा अभ्यास प्रथम शेतीच्या संदर्भात झाला. झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसाराचे विश्लेषण केले. जेथे शेतकऱ्याला लाभ अधिक होता, तेथे अवलंबाचा वेग अधिक होता, असे त्यांनी दाखविले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये हा विचार व्यापक केला. त्यांच्या मते पाच गुणधर्मांवर अवलंबाचा वेग ठरतो : सापेक्ष लाभ, प्रचलित पद्धतींशी सुसंगती, गुंतागुंतीचे प्रमाण, आधी अजमावून पाहण्याची सोय आणि परिणामांची दृश्यता.

ही कसोटी प्राध्यापकाला लावून पाहावी. ध्वनिचित्रफीत, पाठ्यटिपणे, चर्चा व स्वाध्याय या चार अंगांनी अभ्यासक्रम तयार करावयाचा, तर अनेक महिन्यांचा वेळ खर्ची पडतो. हा स्थिर खर्च आहे. एकदा अभ्यासक्रम तयार झाला की एका अधिक विद्यार्थ्यासाठी येणारा सीमान्त खर्च अत्यल्प असतो. परंतु खर्च शिक्षकाचा आणि लाभ विद्यार्थ्यांचा व संस्थेचा, अशी ही विभागणी आहे. तेव्हा शिक्षकाच्या अनुत्साहाला केवळ जुनाट वृत्ती म्हणणे अन्यायाचे ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अशा पाठ्यसामग्रीच्या निर्मितीला गुण देण्यात आले, त्यामागील आर्थिक तर्क हाच होय.

विजेच्या इतिहासाचा धडा

न्यूयॉर्कमध्ये १८८२ मध्ये केंद्रीय वीजनिर्मिती सुरू झाली. अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी वाढ मात्र १९२० च्या दशकात दिसली. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये या विलंबाचे कारण स्पष्ट केले. आरंभी वाफेच्या यंत्राच्या जागी विजेची मोटर बसविण्यात आली, पण कारखान्याची रचना तशीच राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कामाची मांडणी बदलल्यावरच विजेचा खरा लाभ मिळाला.

विद्यापीठ विभागातही हेच घडते. फळ्याच्या जागी पडदा आला, पण व्याख्यान तेच, टिपणे तीच आणि वर्षाअखेरची परीक्षाही तीच राहिली, तर खर्च वाढतो. अध्ययन सुधारत नाही.

विभागप्रमुखाची भूमिका

अनेक विद्यापीठांत विभागप्रमुखपद ठराविक कालावधीनंतर फिरते. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभा राहिलेला उपक्रम तिच्याबरोबरच संपतो. त्यामुळे निर्णयांना संस्थात्मक रूप देणे हे नेतृत्वाचे पहिले काम ठरते. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(१) तंत्राऐवजी अडचणीपासून आरंभ करणे. कोणत्या विषयात विद्यार्थी मागे पडतात, हे आधी निश्चित करावे.

(२) एकाच अभ्यासक्रमात प्रयोग करून त्याचे परिणाम सहकाऱ्यांसमोर मांडणे. 'मूडल'सारखी मुक्त प्रणाली २००२ पासून उपलब्ध असल्याने परवाना शुल्काचा भार टाळता येतो. मात्र देखभालीची तरतूद करावी लागते.

(३) अशा कामासाठी अध्यापनभारात सवलत मिळवून देणे.

(४) परीक्षापद्धतीत अनुरूप बदल करून घेणे. 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वीकारण्याची मुभा २०१६ च्या विनियमांनी दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. ही मुभा प्रत्यक्षात उतरविण्यासाठी विद्यापरिषदेची मान्यता लागते आणि तिचा पाठपुरावा विभागालाच करावा लागतो.

समानतेचा प्रश्न

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील ४.४ टक्के, तर शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सुविधा असलेल्या कुटुंबांचे प्रमाण अनुक्रमे १४.९ व ४२ टक्के होते. मार्च २०२० नंतर विद्यापीठांचे वर्ग बंद झाले, तेव्हा या दरीचा अर्थ स्पष्ट झाला. एकाच वर्गात बसणारे विद्यार्थी घरी परतताच समान राहिले नाहीत. ज्याच्या घरात एकच भ्रमणध्वनी होता, त्याच्यासाठी व्याख्यानाची वेळ ही कुटुंबाच्या सोयीची बाब बनली.

म्हणून कमी क्षमतेच्या जोडणीवरही चालणारी सामग्री, ती उतरवून घेण्याची सोय, विभागातील संगणककक्ष सायंकाळीही खुला ठेवणे आणि मातृभाषेतील पूरक टिपणे या बाबी दुय्यम मानता येणार नाहीत. त्यांची तरतूद नसेल, तर तंत्रज्ञानामुळे आधीच पुढे असलेला विद्यार्थी आणखी पुढे जातो.

विभागाने किती संगणक घेतले, हा आकडा अहवालात सहज मांडता येतो. अवलंबाचे खरे मोजमाप वेगळे आहे : पूर्वी मागे राहणाऱ्यांपैकी किती विद्यार्थी आता विषय समजून उत्तीर्ण होतात, आणि विभागप्रमुख बदलल्यावरही ते प्रमाण टिकते का. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणारा विभागच तंत्रज्ञानावरील सार्वजनिक खर्चाचे सार्थक करू शकेल.