मृत्युवार्ता आणि घराण्याचा इतिहास

आपल्या पणजीचें माहेरचें नांव काय, असें कोणीं विचारलें तर आपणांपैकीं पुष्कळांस खालीं मान घालावी लागेल. राजघराण्यांच्या वंशावळी आम्ही मुखोद्गत करितों. परंतु स्वतःच्या घराण्याच्या चार पिढ्या आम्हांस सांगतां येत नाहींत. ही उणीव भरून काढण्याचें एक साधन म्हणजे वर्तमानपत्रांतील मृत्युवार्ता. मुंबईंत 'दर्पण' १८३२ सालीं व अहमदनगरास 'ज्ञानोदय' १८४२ सालीं निघालें, तेव्हांपासून आपल्या भाषेंत छापील वृत्तें आहेत. जुन्या पेटींत जपून ठेविलेलें एखादें कात्रण सांपडल्यास तें कसें वाचावें, हें येथें सांगतों.

प्रथम काळ ठरवावा. 'गेल्या सोमवारीं' असें लिहिलें असेल तर अंकाच्या तारखेवरून दिवस मोजावा. शक दिला असल्यास त्यांत ७८ मिळवावे. जानेवारी लागल्यानंतरच्या तिथींस मात्र ७९. शके १८४० च्या आश्विनांतील मृत्यु म्हणजे १९१८ सालचा, इन्फ्लुएंझाच्या भयंकर साथींतला काळ, हें ध्यानांत येतांच घरांतील एका दुःखाचा संबंध देशाच्या इतिहासाशीं जुळतो.

नंतर आप्तांची नोंद पाहावी. 'पश्चात् पत्नी, दोन पुत्र व तीन कन्या असा परिवार आहे,' या वाक्यांत स्त्रियांची गणना होते, परंतु नांवें नसतात. शिवाय विवाहानंतर नांव बदलण्याची चाल असल्यामुळें त्यांचा माग लवकर हरवतो. अशा वेळीं तिच्या भावाची मृत्युवार्ता शोधावी. तींत बहिणीच्या सासरचा उल्लेख सांपडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट पडताळ्याची. असे लेख शोकाच्या भरांत लिहिलेले असतात. त्यांत स्तुति अधिक व वय अदमासानें दिलेलें असूं शकतें. म्हणून नगरपालिकेंतील अगर ग्रामपंचायतींतील मृत्युनोंद, चर्चची दफनवही, थडग्यावरील लेख, त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, यांपैकीं जें मिळेल त्याच्याशीं तो मजकूर ताडून पाहावा.

शेतांत व गिरणींत राबून गेलेल्या कित्येकांची वार्ता कोणत्याहि पत्रानें छापली नाहीं. त्यांचा इतिहास केवळ वडील माणसांच्या स्मरणांत उरला आहे. म्हणून पालकांस विनंति कीं, या सुटींत मुलांस जवळ बसवून घरांतील स्त्रीपुरुषांचीं नांवें एका वहींत लिहवून घ्यावींत. मुलांनीं प्रथम आजीस विचारावें. तिला जें आठवतें, तें कोणत्याहि कात्रणांत मिळणार नाहीं.